उंचावलेल्या जीपच्या चाकांचा कंप

जीप रँग्लरचा पुढील आस अखंड असतो. उंच स्प्रिंगा बसवून आधारदांडे मात्र मूळ लांबीचेच ठेवले, तर हा आस किंचित कलतो व चाकांना सरळ राखणारा कॅस्टर-कोन घटतो. मग खड्ड्याचा एक धक्काही चाके हेलकावू लागण्यास पुरतो. पुष्कळ जण प्रथम स्टिअरिंगचा डँपर बदलतात. त्याने दोष झाकला जातो, इतकेच. हाताचा ब्रेक ओढून, चाके जमिनीवर टेकलेली व इंजिन चालू असता एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे फिरवावे. दुसऱ्याने आसाला चौकटीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याची दोन्ही टोके न्याहाळावीत. बोल्ट छिद्रात सरकताना दिसला, तर दोष बहुधा तेथेच असतो. छिद्र लांबट झाले असल्यास बोल्ट आवळून भागत नाही. येथे ढिलेपणा नसेल, तर सांधे, टायरांचा समतोल व कॅस्टर तपासावा.