घर शाबूत, शेजार सुटला

पोरी, दहावीपर्यंत मराठीत शिकलीस आणि अकरावी सायन्सचं पुस्तक एकदम इंग्रजीत हातात आलं. रेणूंच्या बळांचा धडा बघून रडू आलं म्हणतेस. येतं गं. मी तो धडा न समजताच पाठ केला आणि पेपरात उलटा लिहून आले. पुढं सायखेड्यात द्राक्षबाग सांभाळायला लागले तेव्हा तोच धडा रोज दारात उभा राहायला लागला. तेव्हा मोबाइल जरा बाजूला ठेव, वही काढ आणि आत्याचं ऐक.

१. आधी 'इंट्रा' आणि 'इंटर' वेगळे कर, मगच पुढचं पान उलट – इंट्रा म्हणजे रेणूच्या आतलं, अणूला अणू बांधणारं. इंटर म्हणजे एका रेणूचं दुसऱ्याशी. आंतरशालेय कबड्डी दोन शाळांत होते, एकाच वर्गात नाही, एवढं आठवलं तरी पुरे.

२. पाणी उकळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, असं चुकूनही लिहू नकोस; मी लिहिलं होतं – चहाच्या पातेल्यातून निघते ती वाफ पाणीच असते, झाकणाला लागली की थेंब होऊन परत खाली येते. घर शाबूत, शेजार सुटला, त्याचं नाव वाफ.

३. दोन आकडे भिंतीवर लिहून ठेव: पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोजूल लागतात, दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध सोडवायला साधारण २० – हा फरक डोळ्यांत बसला की आतलं आणि बाहेरचं यांची गल्लत होत नाही.

४. हायड्रोजन दिसला की लगेच 'हायड्रोजन बंध' लिहायची घाई नको, तो कुणाला जोडलेला आहे ते बघ. फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन असेल तरच – हे तिघे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतात, हायड्रोजन उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूकडे झुकतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो आणि पाणी १०० अंशांना. नुसत्या वजनानं शेजार जमत नाही.

५. रेणूचा आकार काढल्याशिवाय ध्रुवीय की अध्रुवीय ते ठरवू नकोस – कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत असतो, दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारते, पाणी १०४.५ अंशांत वाकलेलं, म्हणून तिथं ओढ शिल्लक राहते.

६. लंडन बल दुबळं म्हणून सोडून देऊ नकोस – ते कोणत्याही दोन रेणूंमध्ये असतं आणि रेणू मोठा होईल तसं वाढतं. शेगडीचा गॅस, पेट्रोल आणि मेणबत्तीचं मेण तिन्ही एकाच कुळातली, फक्त रेणू मोठा होत जातो. मिठी लहान, पण मेणबत्ती उभी असते ती तिच्याच जोरावर.

७. व्हॅन डर वाल्सचं नाव लिहिताना घाबरू नकोस – तोही आधी शाळामास्तरच होता, सुताराचा मुलगा. १८७३ च्या प्रबंधात त्यानं वायूच्या रेणूंमधली ओढ हिशेबात धरली आणि १९१० मध्ये त्याला नोबेल मिळालं.

८. फवारणीचा पंप गरम असताना पेट्रोल भरायचं नाही, भावाला हे तूच बजाव – पेट्रोलचे रेणू एकमेकांना सैल धरतात, म्हणून त्याची वाफ दिसायच्या आत पसरते आणि ठिणगीची वाट बघते.

९. माठाला बाहेरून ऑइलपेंट देऊ नकोस, कितीही सुंदर दिसला तरी – पाझरलेल्या पाण्याचा एकेक ग्रॅम उडताना ५८० कॅलरींच्या आसपास उष्णता घेऊन जातो, म्हणून माठ गार राहतो. छिद्रं बुजली की नुसतं मडकं उरतं.

१०. पुस्तक भिजलं तर मिटून उन्हात ठेवू नकोस, ओलसर असतानाच पानं हलक्या हातानं सोडव – कागदाचे तंतू हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात. पाणी मधे शिरतं आणि सुकताना एक पान दुसऱ्याला धरून बसतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदावरी गावात शिरली, तेव्हा मी बागेच्या हिशेबाच्या वह्या मिटलेल्याच वाळवल्या आणि त्यांच्या विटा झाल्या. त्यातलं एक पानही मला परत वाचता आलं नाही.

११. थंडीच्या पहाटे बागेला पाणी का सोडतात ते आळस झटकून एकदा उठून बघ – विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यानं ते गार होताना भरपूर उष्णता सोडतं, आणि गोठायला लागलं तर ग्रॅममागे आणखी ८० कॅलरी देतं. निफाडच्या थंडीत फुगलेले मणी तडकतात तेव्हा वर्षाची कमाई एका रात्रीत जाते, म्हणून हा मुद्दा माझ्यासाठी परीक्षेपेक्षा मोठा आहे.

१२. फवारणीच्या औषधात स्टिकर मापूनच घालायचा, अंदाजानं ओतायचा नाही – द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा थर असतो, त्यावर नुसतं पाणी गोळे होऊन ओघळतं. स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं मेणाला, म्हणून औषध पसरतं. मी एका वर्षी जास्त ओतला आणि मण्यांवर डाग पडले. साबणाचंही हेच, म्हणून फवारणीनंतर हात साबणानं धुवायचे, नुसत्या पाण्यानं तेलकट औषध निघत नाही.

१३. बेदाण्याचं द्रावण करताना एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, यात तडजोड नको – तेलाचे रेणू मेणाच्या थरात शिरून तो सैल करतात आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. पाणी आणि मेणाचं जमत नाही, हे पुस्तकातलं एक वाक्य. इथं त्याच्यावर अख्खं शेड चालतं.

मार्चमध्ये पेपर संपले की ये. एक घड द्रावणात बुडवून आणि एक तसाच, दोन्ही शेजारी शेजारी टांग, रोज त्यांचं वजन वहीत लिही आणि आधी कोणता सुकतो ते मला तूच सांग.