शंभर दीनारांचे ऋण



मत्तय 18:21-35 मधील दाखल्यात राजा चाकराचे दहा हजार तालांतांचे ऋण माफ करतो. तोच चाकर सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. म्हणजे राजाने सहा कोटी दिवसांची मजुरी सोडली!

पण शंभर दीनार हीसुद्धा तीन महिन्यांची कमाई. प्रभू येशू आपली जखम क्षुल्लक मानत नाही. क्षमा म्हणजे अन्याय झालाच नाही असे म्हणणे नव्हे, तर सूडाचा हक्क सोडणे होय.

बांधावरून भावाशी अबोला धरून आपण पापनिवेदनाला गुडघे टेकतो, तेव्हा तो चाकर आपणच असतो. या आठवड्यात पापनिवेदनाआधी त्याच्या दारी जाऊ या.