स्त्रियांचे आरोग्य व नित्याचा व्यायाम

कोंढा परिसर धानाचा आहे. रोवणीच्या दिवसांत येथील भगिनी दिवसभर चिखलात वाकून श्रम करतात. अशा कष्टाळू स्त्रीस निराळा व्यायाम कशासाठी, असा प्रश्न माता-मेळाव्यात साहजिकच निघतो. शिक्षकांनी त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे समजावून द्यावे.

राबणारे स्नायू रक्तातील साखर इंधन म्हणून वापरतात. त्या वेळी त्यांना इन्सुलिनही कमी लागते. श्रमानंतर एक-दोन दिवस हा गुण टिकतो व मग ओसरतो. म्हणून रोवणीची पुंजी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही.

कोलेस्टेरॉलवर परिणाम सावकाश होतो. काही महिन्यांच्या नियमित व्यायामाने ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी घटते व हितकर एचडीएल थोडे वाढते. अपायकारक एलडीएल मात्र केवळ व्यायामाने फारसे उतरत नाही, आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास ते वाढू लागते. यास्तव योग्य आहार व रक्ततपासणी यांचीही जोड हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम व दोन दिवस स्नायुबलवर्धक व्यायाम सुचविला आहे. पाच दिवस रोज ३० मिनिटे झपझप चालल्यास पहिली अट पुरी होते. जेवणानंतर थोडे चालणे साखरेस विशेष हितावह असते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या भगिनींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उपक्रम : विद्यार्थ्यांनी आईसह चाललेल्या मिनिटांची नोंद महिनाभर ठेवावी व दर आठवड्याची बेरीज करावी. शिक्षिकांनी स्वतःपासून आरंभ करावा.