निसर्गाचे फोटो एडिट करताना : मूळ चित्र हरवू नये म्हणून



सहल असो, परिसर भेट असो की वृक्षारोपण, आपण शिक्षक सतत फोटो काढत असतो. डोळ्यांना दिसलेला डोंगर भव्य असतो, पण घरी येऊन फोटो उघडला की तो काळाठिक्कर, आभाळ पांढरं फटक आणि सगळं चित्र थोडं तिरकं! अशा वेळी एडिटिंग कामाला येतं. ते कसं करायचं हे मी मोबाईलवर शिकलो. कुठे थांबायचं, हे मात्र मला माझ्या चौथीच्या वर्गाने शिकवलं.

फोटो सुंदर झाला, पण खोटा झाला

तेव्हा मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका शाळेवर होतो. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. पण जमीन उताराची आणि खाली कातळ, त्यामुळे बरंचसं पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी पायपीट सुरू होते. एप्रिलमध्ये ‘आपला परिसर’ या भित्तिपत्रकासाठी मी गावाजवळच्या तलावाचा फोटो काढला. तळाशी थोडंसं पाणी आणि बाकी सगळा गाळ. फोटो अगदीच रखरखीत दिसत होता. मग मी एका ॲपमध्ये आभाळ बदललं, निळा-हिरवा रंग वाढवला. गाळाची जमीनसुद्धा पाण्यासारखी दिसू लागली. फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, अंगठ्यांवर अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फोटो लावला, तर एक मुलगी म्हणाली, “सर, हा आपला तलाव नाही. आपल्या तलावात पाणी कुठंय?” संध्याकाळी एक पालक भेटले. ते हसत म्हणाले, “गुरुजी, हा फोटो तालुक्याला गेला तर आपला टँकर बंद व्हायचा.”

मी हसलो खरा, पण ते मनाला लागलं. मुलांना परिसराचं निरीक्षण शिकवणारा मी, आणि मीच परिसर पुसून टाकला होता. रात्री मूळ फोटो पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या वेळी वापरलेला क्रम खाली देत आहे. स्नॅपसीड, लाइटरूम किंवा मोबाईलच्या गॅलरीतलं ‘एडिट’, कशातही हे करता येतं. नावं थोडी इकडेतिकडे असतील.

पायरी १ : मूळ फोटो जपून ठेवा

आधी फोटोची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो शक्यतो एडिट करू नका. तो पाठवताना दाबून लहान केलेला असतो, तपशील आधीच गेलेला असतो. सहकाऱ्याकडून फोटो घ्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

पायरी २ : फोटो सरळ करा, मग कापा

पाण्याची कड किंवा क्षितिज तिरकं असेल तर बघणाऱ्याला उगीच अस्वस्थ वाटतं. ‘रोटेट’ने ते आडवं करा. मग ‘क्रॉप’ घ्या. पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात, फोटोचे नऊ चौकोन होतात. आभाळात काहीच नसेल तर क्षितिज वरच्या रेषेवर ठेवा, ढग छान असतील तर खालच्या रेषेवर. माझ्या फोटोत निम्मं आभाळ होतं. ते कापल्यावर गाळाच्या भेगा समोर आल्या. खरा विषय तोच होता.

पायरी ३ : उजेड नीट करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपला डोळा उजळ आभाळ आणि काळा डोंगर दोन्ही एकाच वेळी पाहू शकतो, कॅमेऱ्याला ते तितकं जमत नाही. म्हणून ‘हायलाइट्स’ थोडे कमी करा, आभाळातले ढग परत दिसतात. ‘शॅडोज’ थोडे वाढवा, अंधारातला भाग उघडतो.

अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या कड्याच्या फोटोवर हे जरूर करून पाहा. नुसता काळा दिसणारा कडा उजळला की त्यातले आडवे थर दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकात लाव्हा थरावर थर साचून हा दख्खनचा खडक तयार झाला. म्हणजे एक पट्टी सरकवली आणि भूगोलाचा पाठ हाती आला! हे थर आपण फोटोत घातलेले नाहीत. ते तिथे होतेच, फक्त दिसत नव्हते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. साध्या डिजिटल फोटोत प्रत्येक बिंदूचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत साठवलेला असतो. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण उजळ. आभाळात सगळीकडे २५५ च असेल तर तिथे तपशीलच नाही, मग कितीही पट्टी सरकवा, ढग येणार नाहीत. म्हणून फोटो काढतानाच पडद्यावर आभाळाच्या भागावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. आणि शक्यतो भर दुपारी फोटो काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असतं, सावल्यांमुळे डोंगराचे चढउतार उठून दिसतात.

पायरी ४ : रंग, पण बेताने

आधी ‘वॉर्म्थ’ किंवा ‘व्हाइट बॅलन्स’ पाहा. फोटोत एखादी पांढरी वस्तू शोधा, शाळेची भिंत किंवा गणवेशाचा शर्ट. सावलीतला पांढरा शर्ट निळसर दिसत असेल तर फोटो थोडा उबदार करा. संध्याकाळचा पिवळेपणा मात्र पूर्ण काढू नका, ती त्या वेळेची ओळख आहे.

‘सॅच्युरेशन’ ही सगळ्यात मोहात पाडणारी पट्टी. ती वाढवली की सगळे हिरवे रंग एकसारखे होतात. प्रत्यक्षात भाताचं कोवळं रोप पोपटी असतं, आंब्याचं जून पान गडद असतं. हा फरक फोटोत उरला नाही तर समजावं की आपण पुढे गेलो. मी ही पट्टी फार तर १० पर्यंत नेतो.

पायरी ५ : डाग काढा, वस्तू नको

लेन्सवरचा धुळीचा ठिपका, पावसाचा थेंब ‘हीलिंग’ने खुशाल काढा. पण विजेची तार, प्लास्टिकचा कचरा, तोडलेलं झाड? शुभेच्छापत्र करत असाल तर काढा. परिसर अभ्यासासाठी फोटो असेल तर ते राहू द्या, तोही परिसरच आहे.

मोठ्यांचीही चूक होते

फोटो सुधारणं आजचं नाही. अमेरिकेतले निसर्ग-छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स अंधाऱ्या खोलीत फोटो छापताना काही भागांवर जास्त प्रकाश देत, काही भाग झाकून ठेवत. आपले हायलाइट्स आणि शॅडोज हे त्याचंच सोपं रूप. १९४१ साली काढलेल्या त्यांच्या चंद्रोदयाच्या प्रसिद्ध फोटोच्या नंतरच्या प्रतींमध्ये आभाळ पहिल्यापेक्षा कितीतरी गडद आहे. पण चंद्र त्यांनी हलवला नाही.

याउलट नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले. त्यावर पुष्कळ टीका झाली.

आणि आपले दादासाहेब फाळके! १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि छपाईची कामं करत. पुढे पडद्यावर त्यांनी कितीतरी चमत्कार दाखवले. पण प्रेक्षकाला ठाऊक होतं की आपण गोष्ट बघतोय. तलावाचा फोटो बघणाऱ्याला मात्र तो खरा तलाव वाटतो. फरक इथे आहे.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

इयत्ता : तिसरी ते पाचवी. वेळ : ४० मिनिटे. साहित्य : एक मोबाईल, वही, पेन्सिल.

१. मुलांना शाळेजवळच्या एका जागेवर न्या. पाच मिनिटं फक्त बघू द्या.
२. वर्गात येऊन प्रत्येकाने पाच वाक्यं लिहावीत : कोणते रंग, काय जवळ, काय लांब, पाणी किती.
३. मग त्याच जागेचा मूळ फोटो आणि दोन एडिट केलेले फोटो दाखवा. एक बेताने केलेला, एक भडक.
४. विचारा : आपण पाहिलं त्याच्या सर्वांत जवळचा कोणता? कशावरून?
५. हीच जागा जून, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी उभं राहून टिपा. वर्षअखेर तिन्ही फोटो शेजारी लावा.

पालकहो, घरीही हे करता येईल. मुलाने फोटोला फिल्टर लावला की रागावू नका. फक्त विचारा, “तिथे असं होतं का रे?”

माझा तो निळा तलाव मी दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून काढला. त्या जागी नव्याने एडिट केलेला फोटो लावला : भेगाळलेला गाळ, मधलं डबकं आणि कडेने विहिरीकडे गेलेली पायवाट. आता सगळं स्पष्ट दिसत होतं. ती मुलगी जवळ आली, पायवाटेवर बोट ठेवून म्हणाली, “सर, इथून आम्ही पाणी आणतो.” फोटो चांगला झाला, हे मला तेव्हा कळलं.

आपल्या शाळेत करून पाहा.