तटस्थतेचें फळ

१९३८ सालीं म्युनिक येथें चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन युरोपनें शांतता विकत घेतली. ती वर्षभरही टिकली नाहीं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यास हा धडा त्याच्या कितीतरी आधीं मिळाला होता.

१८०३ मध्यें शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशीं लढत असतां यशवंतराव होळकर तटस्थ राहिला. शिंद्यांचें बळ खचेल तर बरेंच, असा त्याचा हिशेब असावा. असई व अडगाव येथें पराभव झाले, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरील, म्हणजे आमच्याच प्रांतावरील, भोसल्यांचा हक्क जाऊन तो निजामास मिळाला. पुढल्याच एप्रिलांत इंग्रज होळकरावर उठले. तेव्हां शिंदे तहानें बांधलेले होते!

दुसऱ्या बाजीरावानें तर जून १८१७ मध्यें मराठमंडळाचें नायकत्वही लिहून दिलें. तरी नोव्हेंबरांत तोफा सुरू झाल्याच. खडकी, सीताबर्डी, महिदपूर : सात आठवड्यांच्या आंत पेशवे, भोसले व होळकर वेगवेगळे लढले आणि वेगवेगळे हरले.

शेवटीं आप्पासाहेब भोसल्याची जोड मिळेल या आशेनें बाजीराव वर्धेकडे वळला. पण आप्पासाहेब मार्चमध्येंच कैद झाला होता. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याच्या परिसरांत कर्नल अॅडम्सनें पेशव्यास एकटेंच गांठलें.