आठ्या, बोटॉक्स आणि लग्नघर

प्रश्न : वय ४९. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. पार्लरवाली म्हणते, बोटॉक्सने कपाळावरच्या आठ्या लगेच जातील. घेऊ का?

उत्तर : लगेच काही जात नाही. हे औषध नसेकडून स्नायूला मिळणारा आकसण्याचा निरोप अडवतं. फरक तीन-चार दिवसांनी जाणवतो, पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात. टिकतो तीन-चार महिने. कपाळ सैल सोडून आरशात बघा. तेव्हाही रेघ खोल दिसली, तर ती पुरती पुसली जाणार नाही. घ्यायचंच तर याच आठवड्यात, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडेच. पार्लरमध्ये अजिबात नको! औषध भलत्या स्नायूत उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते. फोटोंत ती आठ्यांहून जास्त दिसेल. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, तर हा विषयच सोडा.