अवकाशातील मोठी बांधकामे आणि त्यांची पूर्वतयारी

रायपूर शहराच्या पुरानी बस्ती या जुन्या भागातील गल्ल्या अरुंद आहेत. घराचे छप्पर अन्यत्र तयार करून ते सबंध अशा गल्लीतून आणू म्हटले, तर ते शक्य होणार नाही. म्हणून विटा, चुना, लाकूड थोडेथोडे आत नेले जाते व घर जागेवरच उभे राहते. अवकाशातील बांधकामाची अडचण मूलतः हीच आहे. अग्निबाणाच्या टोकावरील आच्छादन, ज्यात उपग्रह ठेवतात, ही तेथील अरुंद गल्ली होय. भारताच्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या आच्छादनाचा व्यास ५ मीटर आहे. त्याहून मोठी वस्तू घडी करून न्यावी लागते, अथवा तुकड्यांनी नेऊन वर जोडावी लागते.

परंतु गवंड्याला जे सहज लाभते, ते अवकाशात लाभत नाही. तेथे पायांखाली जमीन नाही. ओळंबा लोंबत नाही. आधाराविना पाना फिरवू पाहणारा मनुष्य स्वतःच उलट दिशेस फिरू लागतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे दर दीड तासाने ऊन व सावली यांचा फेरा होतो. त्यामुळे धातू प्रसरण व आकुंचन पावतो. म्हणून तेथे बांधकामाचे प्रत्येक कौशल्य नव्याने शिकावे लागते.

येथेच नियोजनाचे महत्त्व दिसून येते. प्रथम अंतिम रचना निश्चित करावयाची आणि मग उलटा हिशेब मांडावयाचा: तिच्यासाठी कोणती कौशल्ये हवीत, त्यांपैकी कोणती अद्याप हाती नाहीत, आणि कोणते कौशल्य आधी साधल्यावाचून दुसरे साधणार नाही? तंत्राची सिद्धता मोजण्यासाठी नऊ पायऱ्यांची एक श्रेणी रूढ आहे. पहिल्या पायरीवर केवळ तत्त्व ज्ञात असते. नवव्या पायरीवर तंत्र प्रत्यक्ष कामगिरीत उतरलेले असते. खालच्या पायरीवरील तंत्रावर मोठे बांधकाम विसंबून ठेवू नये, हा या शास्त्रातील मुख्य नियम होय. पहिला विभाग वर गेल्यावर सांधा सदोष ठरला, तर पुढील सर्व विभाग निरुपयोगी होतात.

नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकन अंतराळवीरांनी सुटे दांडे हातांनी जोडून सुमारे १३.७ मीटर उंचीचा सांगाडा कक्षेत उभारला व पुन्हा उतरविला. पुढे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची जुळणी सुरू झाली. आज त्याचे वजन ४०० टनांहून अधिक आहे.

भारतही याच क्रमाने पावले टाकीत आहे. पाच विभागांचे भारतीय अंतरिक्ष स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे योजिले असून, पहिल्या विभागास केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. विभाग जोडावयाचे, तर आधी जोडणीची विद्या हवी. त्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह सोडण्यात आले. सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणाऱ्या या जोडीतील परस्पर वेग भेटीच्या क्षणी मुंगीच्या चालीइतका मंद ठेवावयाचा होता. उपग्रह अपेक्षेपेक्षा अधिक सरकत असल्याचे आढळताच ९ जानेवारीची जोडणी पुढे ढकलण्यात आली. १२ जानेवारीस त्यांना ३ मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा दूर नेले गेले. अखेर १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले. मार्चमध्ये त्यांना विलग केले, एप्रिलमध्ये पुन्हा जोडले आणि एकाची वीज दुसऱ्यास पुरवून पाहिली. त्याच अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर एका चालत्या यंत्रहस्ताचीही परीक्षा घेण्यात आली.

दोन लहान उपग्रहांच्या बाबतीत आठवडाभर थांबणे परवडते. माणसे राहत असलेल्या स्थानकाच्या बाबतीत लहानशी चूकही प्राणांवर बेतू शकते. चुका जेथे स्वस्त असतात तेथेच त्या होऊ द्याव्यात व शिकून घ्यावे, हेच तंत्रविकासाच्या नियोजनाचे सार होय.